भाडे निम्मे, शिल्लक मात्र तेवढीच: वाढत्या लहान शहरात जायचे का?

कुटुंब आणि शहर

चार माणसांचे घर. नवरा रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ, आठवड्याचे सहा दिवस ड्युटी. बायको एका कंपनीत माहिती-विश्लेषक. दोन दिवस ऑफिस, बाकीचे काम घरून. मुलगी ११ वर्षांची. नवऱ्याची आई ७२ वर्षांची, तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, स्टेंट बसवलेला. मोठ्या शहरात भाड्याने राहतात. ७० किलोमीटरवर ६०,००० वस्तीचे एक शहर आहे. वस्ती वर्षाला ६ टक्क्यांनी वाढते आहे, बाहेरच्या अंगाला नवी वसाहत उभी राहते आहे, जवळच एका मोठ्या उद्योगाचे बांधकाम चालू आहे. तिथे जावे का, हा घरातला प्रश्न.

कुटुंब आणि शहर दोन्ही नमुन्यादाखल उभी केली आहेत. हिशेब नेमका कुठे फसतो हे दिसावे अशा बेताने आकडे घेतले आहेत. पैसा कोणत्याही चलनात मोजलेला नाही. सध्या घरात महिन्याला येणारे एकूण उत्पन्न १०० धरले आहे आणि बाकीचे आकडे त्याच्या प्रमाणात आहेत. ज्याला आपला हिशेब करायचा असेल त्याने आपले आकडे घालावेत.

पहिला हिशेब आणि त्यातली गळती

घरात पहिल्यांदा झाला तो हिशेब एका ओळीचा होता. आज भाडे ३४, तिकडे तसेच घर १७ ला मिळते. महिन्याला १५ शिल्लक पडते ती ३२ होईल. एवढ्यावर बरीच कुटुंबे सामान बांधायला घेतात.

आजचा खर्च असा: भाडे ३४, प्रवास ६, शाळा ८, घरखर्च २४, औषधपाणी ५, किरकोळ ८. बेरीज ८५, शिल्लक १५.

आता तिकडचा हिशेब ओळीओळीने. नवऱ्याला तिथल्या रुग्णालयात नोकरी मिळते, पण पगार ४२ वरून ३५ वर येतो, म्हणजे घरातले उत्पन्न ९३ होते. शहरात एक वाहन पुरत होते, तिकडे दोन लागतात. बायकोचे महिन्याला साडेआठ-नऊ दिवस ऑफिस म्हणजे जाऊन-येऊन १४० किलोमीटरच्या हिशेबाने सुमारे १,२०० किलोमीटर. दुसऱ्या वाहनाचा हप्ता आणि हे इंधन धरून प्रवास ६ वरून १३ वर जातो. शाळा ७, घरखर्च २३. तज्ज्ञ डॉक्टर शहरातच राहिल्यामुळे औषधपाणी ६. पाण्याची जादा टाकी, गाळणयंत्र, वीज गेल्यावरची सोय आणि दुसरे इंटरनेट यांचे मिळून ३. किरकोळ ८. भाड्याचे १७ धरून बेरीज ७७. शिल्लक १६.

भाडे १७ ने उतरले आणि शिल्लक फक्त १ ने वाढली. त्यात सामानाची ने-आण, अनामत, नवे पडदे-कपाटे, पहिल्या महिन्याची धावपळ मिळून एकरकमी ६० जातात. महिन्याला १ या वेगाने ते भरून यायला ६० महिने लागतील.

म्हणून इथे न जाण्याचाच निकाल लागला असे मात्र नाही. पैसा वाचेल हे कारण यादीतून खोडावे, एवढेच यातून ठरते. उरतात वेळ, जागा आणि राहणीमान. जायचेच तर यांच्यासाठी जायचे, आणि मग यांचीही तितक्याच काटेकोरपणे मोजदाद व्हायला हवी. ती सहसा होत नाही, कारण पैशाच्या बाबतीत माणूस कागद-पेन्सिल घेतो आणि वेळेच्या बाबतीत अंदाजावर भागवतो.

वेळ कोणाचा वाचतो?

आज बायकोला ऑफिसच्या दिवशी जाऊन-येऊन अडीच तास लागतात. आठवड्याचे ५ तास. नवऱ्याला रोज २ तास. सहा दिवसांचे १२. घराचे मिळून १७ तास.

तिकडे गेल्यावर नवऱ्याचा रोजचा प्रवास अर्ध्या तासावर येतो, आठवड्याचे ३ तास. बायकोला शहराच्या वेशीपर्यंत दीड तास आणि आत शिरून ४० मिनिटे, म्हणजे एका दिशेला २ तास १० मिनिटे, दोन दिवसांचे ८ तास ४० मिनिटे. बेरीज ११ तास ४० मिनिटे. आठवड्याला सव्वापाच तास वाचले म्हणून घर खूश. पण ही बेरीज फसवी आहे. नवऱ्याचे ९ तास वाचतात आणि बायकोचे पावणेचार तास वाढतात. उद्या कंपनीने चार दिवस ऑफिसला बोलावले तर घराची बेरीज तेव्हाही शहरापेक्षा थोडी कमीच दिसेल (२० तास २० मिनिटे, शहरात २२), पण त्यातले १७ तास २० मिनिटे एकट्या बायकोचे असतील. वेळेचा तक्ता माणूसनिहाय मांडावा, तो यासाठी.

माणूस दिवसाला सरासरी एक तासाच्या आसपास प्रवास सोसतो, हे निरीक्षण याकोव्ह झहावी यांनी १९७० च्या दशकात मांडले आणि चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये त्याचा विस्तार केला. त्या मापाने आठवड्याला ७ तास. दोन दिवसांच्या ऑफिसला बायको त्याच्या जरा पुढे जाते, चार दिवसांना अडीचपट. मोठ्या घराचे समाधान लांबच्या प्रवासाची भरपाई करते का, हे ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर यांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून तपासले होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उत्तर नकारार्थी आले: प्रवास जितका लांब तितके आयुष्याबद्दलचे समाधान कमी, आणि घर किंवा पगार ती तूट भरून काढताना दिसला नाही.

घर दाखवणारा दलाल इथे हटकून सांगतो, “नवा रस्ता होतोय, मग तासाभरात शहरात पोचाल.” रस्ता होईलही. पण जील ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या महानगरांच्या बाबतीत दाखवले की रस्त्यांची लांबी वाढते जवळपास त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढते. रस्ता झाला की त्याच रस्त्याच्या भरवशावर आणखी लोक राहायला येतात. त्यामुळे आज लागतो तोच वेळ हिशेबात धरावा आणि नवा रस्ता वरकड समजावा.

तेव्हा कंपनीकडून लेखी काय मिळते, हे बायकोसाठी घराच्या भाड्याइतकेच महत्त्वाचे ठरते. “साहेबांना चालतंय” हा लेखी करार नव्हे, साहेब बदलतात. शिवाय घरून काम करण्याची एक छुपी किंमत असते. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका प्रवास कंपनीत नऊ महिन्यांचा प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली, पण त्या कामगिरीच्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. ७० किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला ऐन वेळी ठरलेल्या बैठकीला जाता येत नाही. अशा बैठकीत काय ठरले ते त्याला नंतर कळते.

नवऱ्याची नोकरी: दोनच दारे

पगार ७ ने उतरला हे दिसते. न दिसणारी गोष्ट अशी, की त्या शहरात एक्स-रे तंत्रज्ञाला नोकरी देऊ शकतील अशा जागा दोनच आहेत. एका ठिकाणी बिनसले तर दुसरीकडे जागा रिकामी असेपर्यंत वाट पाहायची. दोघेही नोकरी करणारी, उच्चशिक्षित जोडपी मोठ्या शहरांकडेच का ओढली जातात, याची कारणमीमांसा डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान यांनी २००० साली केली होती. दोघांनाही जोगी नोकरी एकाच गावात मिळण्याची शक्यता मोठ्या शहरात जास्त, हे त्यांचे मुख्य कारण. इथे नवऱ्याची नोकरी गेली तर घर पुन्हा शहराकडे वळेल किंवा तोही रोज १४० किलोमीटर करू लागेल. म्हणून क्रम उलटा करू नये: आधी नेमणूकपत्र, मग भाडेकरार.

वाढ कशावर चालली आहे?

६ टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. ७० ला वाढीच्या टक्क्यांनी भागले की दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अदमासे मिळतात. ७० भागिले ६ म्हणजे जेमतेम १२ वर्षे. मुलगी २३ वर्षांची होईल तेव्हा हे शहर सव्वा लाखाच्या जवळ असेल. ज्या शांततेसाठी जायचे ती तेव्हा तिथे नसेल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोक कशासाठी येत आहेत. कायमच्या नोकऱ्यांसाठी येत असतील तर वस्ती टिकते. मोठ्या शहरात नोकरी करून इथे फक्त झोपायला येत असतील तर दिवसा बाजार ओस आणि संध्याकाळी रस्ते तुंबलेले, असे चित्र दिसते. बांधकामासाठी येत असतील तर मजुरांची आणि अभियंत्यांची संख्या काही वर्षे चढते आणि प्रकल्प पुरा झाला की धाडकन उतरते. प्रकल्प चालवायला लागणारी माणसे तो उभारणाऱ्यांच्या मानाने थोडीच असतात.

या तिसऱ्या प्रकाराचा अभ्यास अमेरिकेत भरपूर झाला. वायोमिंगमधले जिलेट हे कोळशाच्या जोरावर झपाट्याने वाढलेले गाव १९७० च्या दशकात त्यासाठी इतके गाजले की अशा गावांतल्या ताणाला त्याच गावाचे नाव पडले. जॉन गिलमोर यांनी १९७६ मध्ये अशा गावांच्या मनःस्थितीचे टप्पे मांडले: आधी उत्साह, मग साशंकता, मग घबराटीची वेळ आणि शेवटी मार्ग काढण्याची तयारी. पुढे यूटामधल्या डेल्टा या गावाचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला, त्यात समाधानाची पातळी भरभराटीच्या काळात घसरलेली आणि नंतर सावरलेली दिसली. आपण नेमके कोणत्या टप्प्यावर तिथे पाऊल ठेवतो आहोत, हे ओळखायला हवे. घबराटीच्या टप्प्यावर भाडी चढलेली आणि सोयी तोकड्या असतात.

ओळखायचे कसे? कामाच्या दिवशी सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला गावाच्या मुख्य नाक्यावर पाऊण तास उभे राहावे. सकाळी वाहने बाहेर जाताना जास्त दिसली तर ते झोपायचे गाव. भाड्याच्या पाट्यांमध्ये “एक खोली, महिनावार, फक्त पुरुष” असा मजकूर जास्त असेल तर बांधकामाची वस्ती. शाळेच्या पटावर बाहेरून आलेली मुले किती, हे विचारले तर सर्वांत खरे उत्तर मिळते. बिऱ्हाडासकट आलेला माणूस राहायच्या इराद्याने आलेला असतो. या शहरात तिन्ही प्रकार मिसळलेले निघाले, आणि बांधकामाचा वाटा दलालाने सांगितल्यापेक्षा मोठा.

पाणी

वाढत्या शहराचे दुखणे सर्वांत आधी नळाला कळते. इथल्या जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता आजच्या ६०,००० वस्तीला पुरेल एवढीच आहे. क्षमता ३० टक्क्यांनी वाढवायचे काम मंजूर आहे, चार वर्षांत पुरे होईल. ऐकून बरे वाटते. आता गुणाकार करा. चार वर्षे ६ टक्क्यांनी वाढून वस्ती ७५,७५० च्या आसपास जाते. वाढलेली क्षमता ७८,००० ला पुरते. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी सव्वादोन हजार माणसांपुरते पाणी शिल्लक, आणि ते सहा महिन्यांत संपते. मधली चार वर्षे तर तुटीचीच. मंजूर झालेले प्रत्येक काम असे त्याच्या पुरे होण्याच्या तारखेच्या वस्तीशी ताडून पाहावे. आजच्या वस्तीशी ताडले की सगळेच मुबलक दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने माणशी दिवसाला ५० ते १०० लिटर पाण्यात मूलभूत गरजा भागतात. चौघांना वरच्या मापाने ४०० लिटर. दिवसाआड पाणी आले तर ८०० लिटर साठवण हवी, आणि एखादी पाळी चुकेल हे धरून १,६००. घर पाहताना टाकी किती लिटरची, ती नळाच्या दाबाने भरते की पंप लागतो, आणि पाणी येण्याच्या वेळी वरच्या मजल्याच्या तोटीला १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून पाहावे. मालकाला विचारू नये, शेजारच्या भाडेकरूला विचारावे.

कोणते घर: वेशीबाहेरचे की पेठेतले?

दोन घरे समोर होती. एक बाहेरच्या नव्या वसाहतीत: मोकळी हवा, स्वतंत्र अंगण, स्वतःची बोअर, स्वतःची सेप्टिक टाकी. दुसरे जुन्या भागात: पहिला मजला, खोल्या लहान, पण नगरपालिकेचा नळ, गटार, आणि पायी दहा मिनिटांत बाजार, दवाखाना, शाळा. भाडे सारखेच. सगळ्यांना पहिले आवडले.

नव्या वसाहतीत गटार अजून पोचलेले नाही. १५ बाय २० मीटरचे चाळीस भूखंड आहेत, प्रत्येकावर एक बोअर आणि एक शोषखड्डा. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत ३० मीटर अंतर असावे असा एक सर्रास पाळला जाणारा ठोकताळा आहे. भूखंडाचा कर्ण निघतो २५ मीटर. म्हणजे एका कोपऱ्यात खड्डा आणि थेट समोरच्या कोपऱ्यात बोअर घेतली तरी अंतर पुरत नाही, आणि शेजाऱ्याचा खड्डा तर त्याहून जवळ येतो. आज वसाहतीत नऊ घरे राहती आहेत म्हणून पाणी ठीक लागते. चाळीस भरली की तेच पाणी तसेच राहील याची खात्री कोणी देणार नाही. अशा जागी प्रयोगशाळेत पाणी तपासताना जंतूंबरोबर नायट्रेटही तपासायला सांगावे (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम), आणि भूभागाप्रमाणे फ्लोराइड (१.५ मिलिग्रॅम) व आर्सेनिक (०.०१ मिलिग्रॅम). नायट्रेट उकळून जात नाही; पाणी आटल्यामुळे उलट त्याचे प्रमाण वाढते. साध्या गाळणीनेही ते निघत नाही. सेप्टिक टाकीतला गाळ साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावा लागतो. उपसणारी गाडी वसाहतीच्या रस्त्यावर वळू शकते का, हे आधी पाहिलेले बरे.

दुसरा मुद्दा उताराचा. वसाहत नाल्याच्या कडेला आहे. “शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर” म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. आणि हा हिशेब आजवरच्या जमिनीचा आहे. वरच्या अंगाला शेते जाऊन छपरे आणि डांबर आले की पाणी मुरत नाही, तेवढ्याच पावसाला नाला जास्त चढतो. “इथे कधी पाणी आलं नाही” हे जुन्या माणसाचे म्हणणे खरे असते, पण ते शेते होती तेव्हाचे. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडकलेला कचरा आणि जवळच्या भिंतींवरच्या चिखलाच्या रेघा किती उंचीवर आहेत ते पाहावे.

इंटरनेटचेही तसेच. दोन कंपन्यांची जोडणी घेतली म्हणजे दोन सोयी झाल्या, असे धरू नये. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर तो एक खांब पडला की दोन्ही तुटतात. एकमेकांशी बोलताना आवाज एका दिशेने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. भूस्थिर कक्षेतल्या उपग्रहावरून येणारे इंटरनेट अंतरामुळेच ती पाळू शकत नाही. चाचणी रात्री आठ ते दहा या वेळेत, निदान तीन दिवस घ्यावी. सकाळी अकराला सगळीकडे वेग चांगलाच येतो.

आजी

“दवाखाना आहे का?” या प्रश्नाला काही अर्थ नाही, दवाखाना असतोच. या शहरात ५० खाटांचे रुग्णालय आहे, पण अँजिओप्लास्टीची सोय नाही. ती ७० किलोमीटरवर. स्टेंट बसलेल्या ७२ वर्षांच्या माणसासाठी खरे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते रात्री तीनच्या संदर्भात विचारायचे.

छातीत दुखते म्हणून नेल्यावर १० मिनिटांत ईसीजी निघतो का आणि तो वाचणारा त्या वेळी हजर असतो का? निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर योग्य रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध आधी द्यावे अशी हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ते औषध तिथे साठ्यात असते का, रात्रीचा डॉक्टर ते देतो का, की “शहरात न्या” म्हणून चिठ्ठी देतो? पक्षाघातात अशा औषधासाठी साधारण साडेचार तासांची मुदत असते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. मशीन रात्री चालते का? रुग्णवाहिका किती आणि त्यातली एक शहराच्या वाटेवर असेल तर दुसरी असते का? हृदयक्रिया बंद पडल्यावर विजेचा झटका मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने, मधल्या वेळात छाती दाबणेही झाले नाही तर, वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्या काही मिनिटांत घरच्यांना काय येते, याला तिथे फार महत्त्व. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे प्रशिक्षण काही तासांचे असते. जायचे ठरले तर नवरा-बायको दोघांनी ते घ्यावे, मुलीलाही शिकवावे.

इथे उत्तर मिळाले ते असे: ईसीजी निघतो, औषध असते, रात्रीचा डॉक्टर शहरातल्या तज्ज्ञाला फोनवर ईसीजी दाखवून ते देतो. सीटी मशीन रात्री दहाला बंद. म्हणजे हृदयासाठी कामचलाऊ, पक्षाघातासाठी अपुरे. हा धोका आहे आणि तो आजींना सांगून घ्यायचा आहे. त्यांच्या वतीने परस्पर घ्यायचा नाही.

आजींचा दुसरा प्रश्न तब्येतीचा नाही. जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास, चांगला मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त तास लागतात असे आढळले. मुलगी ते तास शाळेत सहा महिन्यांत भरून काढेल. नवऱ्याला ड्युटीवर मिळतील. ७२ व्या वर्षी, वाहन न चालवणाऱ्या बाईला ते कुठे मिळणार? वेशीबाहेरच्या वसाहतीत, जिथे दिवसा नऊपैकी सात घरांना कुलूप असते, तिथे नाहीच. बाकी सगळे सोडले तरी या एका मुद्द्यावर पेठेतले घर सरस ठरते.

शाळा

वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये मांडले की प्रत्येक सेवा टिकायला किमान एवढी गिऱ्हाइके लागतात. तो उंबरठा ओलांडल्याशिवाय ती गावात येत नाही. बालवाडीचा उंबरठा खाली, विज्ञानाच्या सुसज्ज प्रयोगशाळेचा वर. म्हणून वाढत्या शहरात लहान मुलांची सोय आधी होते आणि मोठ्यांची रखडते. इथल्या शाळेत पहिलीला पाच तुकड्या आहेत आणि आठवीला दोन. ही गर्दी वर सरकणार आहे, पण ११ वर्षांची मुलगी तिच्या पुढे आहे, मागे नाही. तिला गर्दीचा त्रास कमी आणि अपुऱ्या सोयींचा जास्त. चार वर्षांनी विषय निवडायची वेळ येईल तेव्हा इथे काय असेल ते शाळेच्या इमारतीकडे पाहून कळत नाही. वरच्या वर्गांना गणित-विज्ञान शिकवणारे शिक्षक किती वर्षे टिकले आहेत, ते विचारावे.

विकत का नाही?

जाणाऱ्यांपैकी पुष्कळजण हा प्रश्न आधी सोडवतात: “वाढतं शहर आहे, आत्ता घेतलं तर पुढे भाव येईल.” नव्या वसाहतीतल्या घराची किंमत तिथल्या २८ वर्षांच्या भाड्याएवढी निघाली. म्हणजे येणारी वाढ विकणाऱ्याने किमतीत आधीच मोजून घेतली आहे. आपण ती वाढ कमावत नाही, तिचे पैसे आगाऊ भरतो. शिवाय परत विकायची वेळ आली तर आपल्या जुन्या घराची स्पर्धा शेजारच्या कोऱ्या घरांशी असते, आणि बांधणारा ती हप्त्यांची सवलत देऊन विकत असतो. जोवर मोकळी जमीन आहे तोवर जुने घर विकणाऱ्या मालकाची बाजू लंगडी. गेल्या वर्षभरात तिथे पुनर्विक्रीची किती घरे खरोखर विकली गेली आणि प्रत्येकाला किती महिने लागले, हे दोन आकडे मिळत नसतील तर खरेदीचा विषय काढू नये.

काय ठरले

जायचे, पण पेठेतल्या घरात, भाड्याने, एका वर्षासाठी. त्याआधी चार गोष्टी, आणि याच क्रमाने. बायकोने कंपनीकडून दोन दिवस ऑफिसचे लेखी घेणे, आणि हा नियम बदलल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना मागणे. नवऱ्याचे नेमणूकपत्र. आजींना आठ-दहा दिवस तिथे नेऊन राहणे, तेही दोघे कामावर आणि मुलगी शाळेत अशा वेळापत्रकाने. सुट्टीत नेले तर काही कळत नाही. मग करार, आणि त्यात दोन महिन्यांच्या नोटिशीने सोडायची मुभा.

परतीच्या अटीही आधीच लिहून ठेवल्या. ऑफिस तीन दिवसांच्या वर गेले, नवऱ्याची नोकरी सुटून तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही, सलग दोन महिने विकतचे पाणी आणावे लागले, किंवा सहा महिन्यांनंतरही आजींना पायी जाऊन बसावे असे एकही घर झाले नाही, तर परत फिरायचे. शेवटची अट सुनेने घातली. आधी लिहायचे ते अशासाठी, की एकदा राहायला गेल्यावर माणूस प्रत्येक अडचणीला “पुढच्या वर्षी सुधारेल” असे उत्तर शोधतो.

एक बारीक गोष्ट मात्र बहुतेक हिशेबांतून निसटते. भाडेकरार बाराव्या महिन्यात संपतो, म्हणून निर्णयही बाराव्या महिन्यात घ्यायचा असे वाटते. पण शहरातल्या शाळेचे प्रवेश त्याआधीच बंद होतात. या घराच्या बाबतीत नवव्या महिन्यात. त्यात शहरात भाड्याचे घर शोधायचा एक महिना धरला, तर राहायचे की फिरायचे हे आठव्या महिन्यात ठरायला हवे. म्हणून कॅलेंडरवर खूण आठव्या महिन्यावर आहे, आणि तोवर पाण्याच्या पाळ्या, ऑफिसचे दिवस आणि प्रवासाचे तास यांची नोंद रोज एका वहीत करायचे काम मुलीकडे दिले आहे.